दिस्कुल्पे म्हणजे माफी नव्हे

शहापूरजवळच्या प्लास्टिकच्या कारखान्यात किन्हवलीच्या भागीची तीन बोटं मशीनमध्ये गेली, त्याची आज मीटिंग होती. मशीन बसवायला स्पेनहून आलेला इंजिनीअर बोलणार, टोकावड्याची दुभाषी रुपाली त्याचं इंग्रजी करणार आणि पडद्यावर दिसणारे मुंबईचे मोठे साहेब ते ऐकणार. भागी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती.

मोबाइलवरची नजर न काढता इंजिनीअर म्हणाला, "दिस्कुल्पे, सेन्योरा."

रुपालीची कानशिलं तापली. एस.टी.त कुणाच्या पायावर पाय पडला तर म्हणावं, तसला हा शब्द. तिने इंग्रजीही तसंच केलं, "एक्स्क्यूज मी, मॅडम."

मॅनेजर शेखर तिच्या कानाशी झुकला. "अगं, 'वी डीपली अपॉलोजाइज' म्हण. साहेब ऐकतायत."

"तो तसं म्हणाला नाही, सर."

"तुला विचारलंय कोणी?"

रुपाली इंजिनीअरकडे वळली आणि त्याच्या शब्दाचं इंग्रजी काय झालं ते त्याला स्पॅनिशमध्ये ऐकवलं. त्याचा चेहरा लाल झाला. मोबाइल खाली ठेवत तो म्हणाला, "लो सिएन्तो."

"ही इज सॉरी," रुपालीने साहेबांना सांगितलं. शेखरने सुस्कारा सोडला.

"काय बोलला गो तो?" भागीने विचारलं.

"वाईट वाटतंय म्हणतो, मावशी."

"आन मला काय बरं वाटतंय? हात आत जाऊ नये म्हनून मशीनला जाळी व्हती, ती कोनी काढली, ते इचार त्याला."

रुपालीने विचारलं. इंजिनीअरने शेखरकडे पाहिलं. काढली मीच, तो म्हणाला, पण माल भराभर निघावा म्हणून यांनीच काढायला लावली. रुपालीने पडद्याकडे तोंड करून सगळं इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता. शेखर ताडकन उठला.

"बसा," पडद्यावरून साहेब म्हणाले.

इंजिनीअर उभा राहिला. भागीकडे बघत म्हणाला, "पेर्दोनेमे." हा मात्र माफीचा शब्द होता. रुपालीने इंग्रजी केलं, "फर्गिव्ह मी." मग भागीला सांगितलं, "माफी मागतोय, मावशी."

"नाय करत माफ. सांग त्याला. तो जाईल त्याच्या घरी. मी भाताची आवणी कोन्त्या हातानं करू?"

रुपालीने ते दोन्ही भाषांत सांगितलं, आवाज जराही न उतरवता.

जाळी दुसऱ्याच दिवशी बसली. शेखरला तिथून हलवलं. रुपालीला कारखान्याने पुन्हा बोलावलं नाही, आणि तिनेही फोन केला नाही.