मधला कप्पा

दादांना ऑफिसात सगळे ‘फूटपट्टी’ म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. पस्तीस वर्षं बोर्डावर वाकून इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. निवृत्त झाला तरी चपला काढून ठेवताना भिंतीपासूनचं अंतर नजरेनेच मोजायचा. अशा माणसाच्या हाती धाकट्या भावाने आपला मासा सोपवला. मग काय विचारता!

धाकटा जहाजावर स्वयंपाकी. लग्न नाही, संसार नाही. जे काय होतं ते नऊ वर्षं पाळलेला हा एक ऑस्कर मासा. चांगला दीड वितीचा, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे, आणि रुबाब असा की नावच पडलं ‘साहेब’. ओळखीचं माणूस आलं की काचेला तोंड लावायचा. अनोळखी आलं की चक्क पाठ फिरवायचा.

“दादा, आठ महिने सांभाळ,” धाकटा म्हणाला. “घरी यावंसं वाटायला मला हाच एक आहे रे.”

“म्हणजे आम्ही कोणीच नाही वाटतं?” वहिनींनी लगेच टोला हाणला. धाकटा हसला, पण डोळे काही हसले नाहीत.

झालं. दादांनी ग्राफपेपर काढला. पाच फुटांची टाकी आणि तिच्यात एवढं धूड, म्हणजे बाजारातला टांगायचा फिल्टर कुठे पुरणार? सम्पच हवा. सम्प म्हणजे मोठ्या टाकीखालच्या कपाटात ठेवलेली दुसरी, लहान टाकी. वरचं घाण पाणी पाइपातून खाली येतं, तीन कप्प्यांतून फिरतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर ढकलतो. पहिल्या कप्प्यात स्पंज, कचरा अडवायला. मधल्या कप्प्यात भाजलेल्या मातीच्या शे-दोनशे छोट्या पोकळ नळ्या. खरी गंमत या मधल्या कप्प्यात. त्या नळ्यांवर हळूहळू तपकिरी बुळबुळीत थर धरतो, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि माशाच्या घाणीतून पाण्यात उतरणारं विष ते खाऊन टाकतात. दीड-दोन महिने लागतात ती वस्ती बसायला.

दादांनी आठ वेळा नकाशा काढला. वीज गेली तर वरून किती पाणी खाली उतरेल? चौतीस लिटर. मग सम्पमध्ये पंचेचाळीस लिटरची जागा मोकळी. पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून पाइपाचं तोंड पाण्याखाली दोन बोटं. बटणांवर चिठ्ठ्या : आधी हे बंद, मग ते. कपाटाची दारं अशी की पूर्ण सम्प सरळ बाहेर ओढता यावा. एकही गोष्ट सुटली नाही. निदान दादांना तसं वाटलं.

“ह्या मधल्या नळ्या कशाला हो?” वहिनींनी तेव्हा एकदा विचारलं होतं.

“तुला नाही कळायचं. टेक्निकल आहे,” दादा नकाशातून मान वर न करता म्हणाले होते. वहिनी “बरं बाई” म्हणून आत गेल्या. विषय संपला.

साडेतीन महिने झाले आणि वहिनींच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. जखम भरली, टाके निघाले, पण बाई काही उठेना. जिने आयुष्यभर घर आरशासारखं ठेवलं, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चहा दिला तर घ्यायची, नाही दिला तर मागायची नाही. डॉक्टर म्हणाले, शरीर ठीक आहे, आता मनानं उठायला हवं. मनाला उठवायचं कसं, ते मात्र त्यांनी लिहून दिलं नाही. दादा मुकाट्याने भांडी घासायचे, सम्पचं पाणी तपासायचे आणि बायकोच्या पाठीकडे बघत बसायचे. असे चार महिने गेले.

मग एका रविवारी दादा दिवसभर पेन्शनर मित्राकडे गेले होते. संध्याकाळी दार उघडतात तो काय, वहिनी टाकीसमोर पाटावर बसलेल्या, पदर खोचलेला, केस विंचरलेले, आणि चेहऱ्यावर हसू. चार महिन्यांनी हसू!

“बघा,” त्या म्हणाल्या. “भाऊजी यायला नऊ दिवस राहिले आणि कपाटात ही घाण! तुमच्या चिठ्ठ्या वाचून बटणं बंद केली हो. स्पंज धुतले. आणि त्या नळ्या! शी, किती बुळबुळीत झाल्या होत्या. साबण नाही लावला, माशाला बाधेल म्हणून. चांगल्या उकळत्या पाण्यातून काढल्या.”

मधल्या कप्प्यातल्या नळ्या पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या. एक जीव उरला नव्हता.

वहिनींच्या कपाळावर घाम होता, हात लाल झाले होते आणि त्या दादांकडे अशा बघत होत्या की शाबासकीखेरीज दुसरं काही देणं म्हणजे पापच.

“छान केलंस,” दादा म्हणाले.

त्या रात्री वहिनी आपणहून जेवल्या. सकाळी उठून त्यांनी चहा टाकला.

आणि टाकीतलं पाणी काचेसारखं नितळ झालं. येणारा-जाणारा म्हणायचा, वा, काय स्वच्छ ठेवलंय! दादा मात्र रोज बारीक नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष. मंगळवारी फिकट हिरवं झालं, बुधवारी गडद. साहेबांनी खाणं टाकलं. पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड वासायला लागले. दादा रोज अर्धं पाणी बदलत होते, पण ते म्हणजे फुटक्या बादलीत पाणी भरण्यासारखंच.

गुरुवारी ते माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. त्याने स्वतःच्या जुन्या टाकीतून एक काळाकुट्ट, गळणारा स्पंज काढला आणि पिशवीत पाण्यासकट बांधून दिला.

“तीन वर्षांचा आहे, काका. ह्यात वस्ती आहे. मधल्या कप्प्यात ठेवा. पण जपा हं, माशाचे कल्ले भाजलेत आधीच. आणखी एक फटका सोसायचा नाही तो.”

“हे काय आणलंत गटारातलं?” वहिनी.

“डॉक्टरने दिलंय. असू दे.”

एवढंच. आता तरी सांगायचं होतं की नाही? शंभर वेळा शब्द ओठांवर आले. पण सांगायचं काय? की तू चार महिन्यांनी पहिल्यांदा उठलीस आणि त्याच हातांनी भाऊजींचा मासा मारलास? ती पुन्हा भिंतीकडे वळली तर? दादांनी ते शब्द गिळले, आणि मनात म्हणाले, मासा वाचला की सांगायची गरजच पडणार नाही.

आणि खरंच, शनिवारी साहेबांनी एक गोळी खाल्ली! नळीतला हिरवा रंग फिका पडला. दादा स्वयंपाकघरात जाऊन उगाचच वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

“काय हो?” त्या म्हणाल्या. “आज फार प्रेम उतू चाललंय!”

मंगळवारी धाकट्याला आणायला दादा पहाटेच विमानतळावर गेले. विमान पाच तास उशिरा आलं. धाकटा भेटला तोच मुळी “साहेब काय म्हणतायत?” करत.

“जरा आजारी होते. सुधारतायत,” दादा म्हणाले. टॅक्सीत बाकीचं सगळं सांगून टाकलं. धाकट्याने ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, “वहिनींना नको सांगूस.”

घर आलं. वहिनी दारात, इस्त्रीची साडी नेसून.

“या भाऊजी! तुमच्या स्वागताला सगळं लख्ख केलंय. यांनी आणलेला तो घाणेरडा गोळासुद्धा. तीनदा गरम पाण्यातून पिळला, तेव्हा कुठे त्याचा मूळ रंग दिसला!”

साहेबांनी धाकट्याला ओळखलं. काचेशी आले, शेपटी हलवली. धाकट्याने बोट काचेला लावलं, मग वाकून कपाटाचं दार उघडलं. मधल्या कप्प्यात निळा स्पंज, अगदी दुकानातून आणल्यासारखा. त्याने दार हळूच लावलं.

“छान ठेवलंयत, वहिनी,” तो म्हणाला.

दोघे भाऊ तसेच उठून डॉक्टरकडे गेले, आणखी दोन काळे स्पंज आणले. या खेपेला दादांनी बजावलं, “ह्याला अजिबात हात लावायचा नाही.” का, ते सांगितलं नाही. वहिनींनीही विचारलं नाही. विचारून एकदा उत्तर मिळालं होतं.

शुक्रवारी दुपारी साहेब कुशीवर तरंगले.

धाकट्याने त्यांना टॉवेलात गुंडाळलं आणि टॉवेल मांडीवर घेऊन बसून राहिला. वहिनी ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून दादांकडे वळल्या.

“तुम्ही हात लावू नको म्हणालात म्हणून मी गप्प बसले. ती घाण तशीच राहिली ना आत! त्यानेच गेला तो. मी ऐकायला नको होतं तुमचं. आणखी एकदा धुवायला हवं होतं मी.”

“अगं, चूक माझी आहे,” दादा म्हणाले.

“तुमची कसली चूक? तुम्ही तर सगळं मोजूनमापून केलंत. तुमच्या नकाशात काय कमी होतं? घर स्वच्छ ठेवणं माझं काम. मीच पडून राहिले चार महिने.”

दादांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने मान खाली घातली. सांगावं तर तिने मारला, आणि न सांगावं तरी तिच्या मते तिनेच मारला. पस्तीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसाला यातून वाट काढता येईना.

वहिनी उठल्या, पदर खोचला, बटणांवरच्या चिठ्ठ्या वाचून एकेक बटण बंद केलं. कपाटाचं दार उघडून दोन्ही काळे स्पंज आणि मधल्या कप्प्यातल्या सगळ्या नळ्या बादलीत काढल्या.

“भाऊजी पुढं कधी दुसरा आणतील, त्याला तरी स्वच्छ मिळू दे,” त्या म्हणाल्या आणि बादली उचलून न्हाणीघरात गेल्या.

त्यांना कोणी अडवलं नाही. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि दोघे भाऊ तो ऐकत बसले.