पहिल्या उड्डाणाचे प्रमुख पाहुणे

नवऱ्याच्या विमानाबद्दल कुणी विचारलं की हर्षाबाई म्हणायच्या, "आहे ना. पोर्चमध्ये उभं आहे. धूळ खाण्यात पटाईत आहे."

शशिकांतराव फॅक्टरीतून निवृत्त झाले तेव्हा बरोबरीचे लोक चारधामला गेले. यांनी दोन सीटच्या विमानाचे सुटे भाग मागवले. तेव्हापासून महाराजपूरच्या घरात कार उन्हात आणि विमान सावलीत. हर्षाबाईंचं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलेलं, न आलेलं उत्तर छातीठोकपणे सांगणारे विद्यार्थी त्यांनी खूप पाहिले होते. घरातही एक होताच. तरी एक कबूल करावं लागे: माणसाने काम नीट केलं होतं. एकेक रिव्हेट सरळ रेषेत. बिघडलं ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमुळे. इंदूरच्या श्यामसुंदर नावाच्या गृहस्थांनी आपलं घरगुती विमान किती वेगात जातं ते तिथं टाकलं, आणि शशिकांतरावांची झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी समोरच्या पंख्याच्या पात्यांचा कोन वाढवून घेतला. पाती जास्त तिरपी केली की एका फेऱ्यात जास्त हवा कापतात, वेग वाढतो, असं त्यांनी पोळ्या लाटणाऱ्या बायकोला बेलणं हातात घेऊन समजावलं.

पुतणी अवंती नागपूरला विमान चालवायला शिकवायची. काकांनी परवाना तिच्याकडेच शिकून काढला होता. उड्डाणाच्या आदल्या दिवशी ती आली. कटंगी रोडच्या पुढे एका ओळखीच्या शेतमालकाची खाजगी धावपट्टी होती, तिथं विमान नेऊन ठेवलेलं. तिने शेपटी ट्रॅक्टरला बांधायला लावली, आत बसून थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन जोरात चालवलं, फेऱ्यांच्या काट्याकडे बघत राहिली आणि बंद करून खाली उतरली.

"काका, फेरे पुरे येतच नाहीयेत. पात्यांचा कोन कमी करा."

"काहून?"

"कारण टॉप गिअरमध्ये गाडी उचलून राहिले तुम्ही. इंजिनाचा दम पंखा फिरवण्यातच जातो. विमान जमीन सोडेल कदाचित, पण वर चढणार नाही. आणि पहिल्या उड्डाणात चढाई लागते, वेग नाही."

"मी हे वेगासाठी बांधलं, बेटा."

"मग उद्या उडू नका. आणि काकूला तर बसवूच नका. पहिल्या वेळी पायलटशिवाय कुणी नसतं आत."

"अरे, लोकांना सांगून झालंय," शशिकांतराव म्हणाले. हाच त्यांचा खरा मुद्दा होता. धावपट्टीशेजारी मंडप घातला होता. एकेकाळचे त्यांचे साहेब, बापूसाहेब, प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. पत्नीसह पहिली भरारी, असं पत्रिकेवर छापलं होतं. पत्रिका वाचून हर्षाबाईंना कळलं होतं की त्या उडणार आहेत.

सकाळी मंडपात पोहे, जिलेबी आणि भाषण झालं. बापूसाहेबांनी देशाला अशा जिद्दीची गरज असल्याचं सांगितलं. पूर्वी फॅक्टरीतही ते हेच सांगायचे, फक्त तेव्हा ओव्हरटाइमबद्दल असायचं. नारळ फुटला. मग ते हात जोडून म्हणाले, "चलो, आता वहिनींना बसवा."

हर्षाबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"बापूसाहेब, मान तुमचा आहे. तुम्हीच बसा."

बापूसाहेब हसले. मग हसू तसंच ठेवून म्हणाले, "मला डॉक्टरने मनाई केली आहे, बीपीमुळे."

"बरं. मग आणखी कुणी?" हर्षाबाईंनी मंडपभर नजर फिरवली. जे लोक घटकाभरापूर्वी विमानाला टेकून फोटो काढत होते, ते जिलेबीत फार गुंतलेले दिसले. कुणी नातवाला शोधायला निघालं. "अच्छा," हर्षाबाई म्हणाल्या. "म्हणजे मी सोडून सगळ्यांचा जीव मोलाचा आहे."

शशिकांतरावांचा चेहरा उतरला. तेवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं, पण आता ते हट्टाला पेटले. "मी एकटा जातो," म्हणत चढले. अवंती धावत खिडकीपाशी गेली. "काका, चढलं नाही तर थ्रॉटल बंद करा आणि नाकासमोर उतरा. वळू नका. वळलात तर कोसळाल. काही झालं तरी वळू नका."

विमान धावलं. धावतच राहिलं. पट्टी संपत आली तेव्हा कुठे चाकं सुटली, आणि मग ते माणसाच्या उंचीवर लोंबकळल्यासारखं पुढे पुढे जात राहिलं. वर येईना. पलीकडे मटाराचं शेत आणि त्यापलीकडे सागाची रांग. मंडपात टाळ्या वाजत होत्या. कुणाला काहीच कळत नव्हतं. हर्षाबाईंना कळत होतं. त्यांनी अवंतीचा हात धरला आणि पुटपुटल्या, "वळू नको रे, वळू नको." लग्नानंतर नवऱ्याला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

इंजिनाचा आवाज एकदम बसला. विमान मटारात सरळ उतरलं, बरंच घसरलं आणि नाकावर टेकून थांबलं.

हर्षाबाई साडी सावरत धावल्या. शशिकांतराव बाहेर येऊन उभे होते, धडधाकट, डोक्यावर मटाराची वेल. पंख्याचं एक पातं मोडलं होतं, पुढचं चाक वाकलं होतं.

"हवा हलकी होती आज," ते म्हणाले.

"हवा नाही, अक्कल हलकी होती," हर्षाबाई म्हणाल्या. त्यांच्या केसांतली वेल मात्र त्यांनी हळूच, एकेक पान सोडवत काढली. "पण वळले नाहीत तुम्ही. तेवढं ऐकलंत."

मंडपात परतेपर्यंत बापूसाहेब निघून गेले होते.

नवा पंखा आला. सगळ्या पात्यांचा कोन मोजून सारखा आणि कमी केला, तो अवंतीने. मग एका रविवारी पत्रिका न छापता, जिलेबी न तळता, तिने एकटीने विमान वर नेलं. पट्टीच्या मध्यावरच ते उठलं आणि सागाच्या बरंच वरून गेलं. शशिकांतराव मान वर करून बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते उन्हामुळे असल्याचं त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांनी लिहिलं: "सखोल अभ्यासाअंती पंख्याचा कोन कमी करण्याचा निर्णय मी घेतला."

हर्षाबाईंनी वाचलं आणि मोबाइल परत दिला.

"बसशील ना आता माझ्यासोबत?" शशिकांतरावांनी विचारलं.

"अवंती हो म्हणेल तेव्हा. तुम्ही म्हणाल तेव्हा नाही."

"तिला विचारलं मी. ती म्हणते, अजून बरीच उड्डाणं एकट्याने करा."

"मग करा," हर्षाबाई म्हणाल्या. "मी खाली उभी राहीन."