परमेश्वराचं काम

अंगद खोटं बोलला नव्हता, आणि सगळी पंचाईत तिथंच होती. धडधडीत खोटं बोलला असता तर शनिवारी पापनिवेदनाला गेला असता, फादरांनी सांगितलेल्या दहा 'नमो मरिये' म्हटल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण तो खरं बोलला होता. अशा बेतानं खरं बोलला होता की चुडाव्याची एक म्हातारी त्यापायी पाच आठवडे झुरत होती.

अंगद तसा भला माणूस. चार एकर कोरडवाहू, एक मोटारसायकल, आणि देवळात पहिल्या ओळीतली जागा. परभणी आणि ताडकळसच्या मधल्या त्या पत्र्याच्या चर्चला बारा गावांतली साठेक घरं जोडलेली. फादर मात्र एकटेच. फादर योगीराज त्यांचं नाव. नाव जोग्याचं आणि झगा पाद्र्याचा, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत आणि ते हसत. रविवारी तीन ठिकाणी मिस्सा, म्हणजे उपासना, करता करता त्यांची तारांबळ उडायची. म्हणून यंदा बिशपांच्या परवानगीनं आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीवरची ती पातळ भाकर जी त्यांच्या लेखी साक्षात ख्रिस्तच, पोचवायचं काम अंगदला मिळालं. तो न्यायला सोनेरी डबी, तिला पांढरी दोरी. त्या दिवसापासून हा रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून असा ताठ चालायला लागला की त्याची बायको गीताबाई म्हणाली, "तुमीच बिशप झालाव का काय?"

फादरांनी नियम एकच सांगितला होता. प्रसाद घेतला की सरळ आजाऱ्याच्या दारात. मध्ये बाजार नाही, गप्पा नाहीत.

चुडाव्याची धुरपताबाई ही त्याच्या यादीतली शेवटची आणि सगळ्यात लांबची. बाप्तिस्म्याच्या वहीत तिचं नाव आग्नेस आहे, पण ते वहीलाच ठाऊक. खुबा मोडल्यापासून तीन वर्षं ती बाजेवर होती. स्टेशन जवळ असल्यानं तिला घड्याळ लागत नसे. कुठली गाडी गेली यावरून ती वेळ सांगायची. तिचा एक हट्ट होता. लहानपणी जुन्या फादरांनी शिकवलं होतं की प्रसाद घ्यायचा त्या दिवशी मध्यरात्रीपासून पोटात अन्नाचा कण नको, पाण्याचा थेंब नको. आता नियम तासाभराचा आहे, पाण्याला तर मनाईच नाही आणि आजाऱ्याला सगळंच माफ, असं फादर योगीराजांनी तिला दोनदा समजावलं. ती म्हणाली, "नियम बदलला आसंल फादर. माझं तोंड तेच हाय."

म्हणून ती रविवारी बिनपाण्याची थांबायची. अंगद अकराच्या आत पोचायचा, तोवर निभायचं.

ईस्टरनंतरचा पहिला रविवार, दैवी दयेचा. चर्चमध्ये ढोलकी आणि टाळ तापले होते. उपवासकाळाचे चाळीस दिवस दाबून ठेवलेला आलेलुया बायका गळे फाडून म्हणत होत्या, आणि घरी न्यायला मंतरलेल्या पाण्याच्या बाटल्या वेदीपाशी ओळीनं उभ्या होत्या. साडेनऊला मिस्सा सुटली. अंगद डबी वरच्या खिशात घालून निघाला. एप्रिल संपत आलेला, दहालाच डांबर मऊ पडलेलं.

ताडकळसला रस्त्याकडेलाच मांडव होता. अंगदचा लंगोटीयार मुंजाजी, त्याच्या पोराचं लग्न. पोराचं नाव परमेश्वर. मुंजाजीनं मोटारसायकलचं हँडलच धरलं.

"आक्षता टाकल्याबिगर जायचं न्हाई."

"मला चुडाव्याला जायचंय, मुंज्या. थांबता येत न्हाई."

"चुडावा काय पळून जायलाय व्हय? बारा पस्तीसचा मुहूर्त हाय. आक्षता टाक आन् जा."

आता मुंजाजी म्हणजे असा माणूस की अंगदच्या बापाला अर्ध्या रात्री नांदेडच्या दवाखान्यात स्वतःच्या जीपमध्ये घालून नेलेला. त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. अंगद उतरला. आणि लग्नाचा मुहूर्त पत्रिकेवर असतो, मांडवात कधीच नसतो, हे काय त्याला माहीत नव्हतं? नवरदेव मारुतीच्या पारापाशी अडीचपर्यंत नाचत होता. अंगदच्या डोक्यावर कुणीतरी फेटा बांधला. फोटो काढले. अक्षता पडल्या तेव्हा तीन वाजायला आले होते, आणि मग मुंजाजीनं खांद्याला धरून पंगतीत बसवलं.

त्याला धुरपताबाई आठवली नाही असं नाही. दुसऱ्यांदा बुंदी वाढायला आले तेव्हा ती लख्ख आठवली, कोरड्या ओठांसकट. हात खिशापाशी गेला. तेव्हाच उठला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण पंगत उठल्याशिवाय एकट्यानं उठू नये म्हणतात. त्यानं ती रीत पाळली, बुंदी खाल्ली, वर दोन ग्लास मठ्ठा प्याला.

चुडाव्याला पोचला तेव्हा पावणेपाच झाले होते. धुरपताबाईची सून बबिता दारातच उभी होती.

"लय येळ केलाव, अंगदभाऊ. आत्याबाईला भोवळ आली. डोळे पांढरे केले तवा मीच तोंडात पाणी घातलं."

पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं होतं. म्हातारी बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"मावशे, प्रसाद आणलाय."

"मला नको." आवाज अगदी बारीक. "मी पाणी प्याले."

"चालतंय की. पाण्यानं काय होत न्हाई. आन् ते तर बबितानं पाजलं."

"दोन घोट तिनं पाजले. म्होरले मी मागून घेतले. तांब्या धरून प्याले." थोडं थांबून तिनं विचारलं, "दुपारची गाडी गेली, तिच्या मागची बी गेली. तुला येळ कामून झाला रे?"

वाटेत त्यानं चार उत्तरं तयार केली होती. पंक्चर, पेट्रोल, फादर, ऊन. यातलं एकही बाहेर आलं नाही. तोंडातून निघालं ते असं, "परमेश्वराचं काम निघालं, मावशे."

त्याचा त्यालाच अचंबा वाटला. एक अक्षर खोटं नव्हतं. परमेश्वराचंच काम होतं, मुंजाजीच्या परमेश्वराचं.

धुरपताबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "तू देवाच्या कामात उन्हातान्हात उपाशी फिरायलास, आन् मी सावलीत पडून घटाघटा पाणी प्याले. तुझ्या हातून मी कोणत्या तोंडानं घेऊ?"

अंगदच्या घशाशी मठ्ठ्याची आंबट ढेकर आली. ती त्यानं दाबली, आणि बोलायचं होतं तेही तिच्यासोबतच दाबलं. भरलेली डबी घेऊन तो परत आला.

पुढच्या रविवारी तिनं तोंड मिटूनच घेतलं. त्याच्या पुढच्याही. साऱ्या बारा गावांना ईस्टरचा पन्नास दिवसांचा सण चालू होता. बुधवारी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात प्रार्थना, मे लागला तशी रोज संध्याकाळी मारियाची माळ, पोरांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची शिकवणी. धुरपताबाईनं मात्र आपला उपवासकाळ पुन्हा सुरू केला. चहा सोडला. भाकरी अर्ध्यावर आणली. बबिता सांगायची, "आलेलुया म्हना म्हनलं की मान हालवतात." हातांच्या काड्या व्हायला लागल्या होत्या. आणि ज्या त्या पाहुण्याला ती सांगायची, अंगदासारखा माणूस न्हाई, सोताचं पोट मारून देवाचं काम करतोय. ते कौतुक गावातून फिरून चर्चपर्यंत आलं. मिस्सेनंतर बायका त्याच्याकडं बोट दाखवून पोरांना सांगायला लागल्या, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. घरात तो गीताबाईवर उगाच खेकसायला लागला. स्वतःची चूक ज्याला सांगता येत नाही तो दुसऱ्याच्या मिठाला नावं ठेवतो, हाही तसाच.

अंगदनं फादरांना आठवड्यात मध्येच तिच्याकडं नेलं, म्हटलं त्यांच्यानं तरी सुटेल. फादर आत अर्धा तास होते. बाहेर आले ते काहीच बोलले नाहीत. पापनिवेदनातलं बाहेर बोलायचं नसतंच. आतून धुरपताबाईच म्हणाली, "देवाची माफी झाली बाबा. पण तुझ्यासमोरची लाज जाईना. ती जाईस्तोवर मी कुणाच्याच हातून घेत न्हाई." म्हणजे कुलूप होतं ते अंगदच्या नावाचं. उघडणार कोण?

पाचवा रविवारही तसाच गेला. भरलेली डबी त्यानं मंजुषेत, चर्चमधल्या प्रसादाच्या कपाटात, परत ठेवली, ते फादरांनी पाहिलं. पुढच्या शनिवारी तो पापनिवेदनाला गुडघे टेकून बसला आणि सगळं सांगितलं. मांडव, फेटा, बुंदी, पंगत. आणि तो एक शब्द.

फादर योगीराज म्हणाले, "मला सांगितलंस, बरं केलंस. पण अंगद, तिथं तहानलेला मी नव्हतो."

"मग काय करू?"

"हेच तिला सांग. दुसरं प्रायश्चित्त माझ्याकडं नाही."

रविवारी चुडाव्याला जाताना ताडकळस कधी आलं आणि कधी मागं पडलं, त्याला कळलं नाही. दहा चाळीसला तो दारात होता. बबितानं सासूला उशीला टेकवून बसवलं. तो बाजेजवळ खालीच बसला.

"मावशे, त्या दिवशी मी देवाच्या कामात नव्हतो. मुंजाजीच्या परमेश्वराच्या लग्नात होतो. ताडकळसला. पंगतीत जेवायलो होतो, तू पाण्याविना हायस हे ठाऊक आसून."

धुरपताबाई हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसली, आणि ते हसू त्याला झोंबलं. "माझं वझं उतरवायला सोतावर घ्यायलास व्हय? देव खिशात घिऊन तू जेवायला बसशील? तू? खोटं बोलू नको बाबा, पाप लागंल."

"खरं सांगायलोय."

"तुझं काळीज मला ठाऊक हाय."

आता काय करावं? खरं लपवून सांगितलं ते हिनं डोळे झाकून घेतलं, आणि उघडं सांगितलं तर हिला खोटं वाटतंय! रडावं की हसावं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं मोबाईल काढला. लग्नाचे फोटो मुंजाजीनं धाडले होते. एक तिच्या डोळ्यांपुढं धरला.

तिनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला. फोटोत अंगद पंगतीत बसला होता. डोक्यावर गुलाबी फेटा, पुढं पत्रावळ, तोंडात घास आणि घासासकट हसू. म्हातारीनं चेहरा पाहिला, पत्रावळ पाहिली. मग तिचं बोट छातीवरच्या फुगलेल्या खिशावर येऊन थांबलं. खिशातून पांढऱ्या दोरीचं टोक लोंबत होतं.

"ह्ये तेच का?"

"व्हय, मावशे."

ती कितीतरी वेळ त्या खिशाकडंच पाहत राहिली. स्टेशनावर मालगाडी लागली होती, तिचे डबे एकामागून एक धडकल्याचा आवाज येत होता. मग तिनं मोबाईल बाजेवर पालथा ठेवला.

"म्हंजी तू उपाशी नव्हतास."

"नव्हतो."

"मग मी पाणी प्याले त्याची लाज मला नगं."

"न्हाई मावशे. तुझी काहीच चूक न्हाई. माझी हाय, सगळी माझीच."

तिच्या डोळ्यांना धार लागली. बबितानं पदरानं पुसले तरी थांबेना. पण ते रडणं मोकळं होतं, बाळंतिणीसारखं, सुटका झाल्याचं. अंगदही रडत होता. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला. झालं एकदाचं, असं मनाशी म्हणत त्यानं डोळे पुसले, पांढरा रुमाल बाजेवर अंथरला, डबी काढली, झाकण उघडलं. प्रसाद दोन बोटांत धरून वर केला.

"ख्रिस्ताचे शरीर."

धुरपताबाईनं त्याच्या बोटांकडं पाहिलं. मग हळूच मान बाजूला केली.

"तुझ्या हातून न्हाई, अंगदा. फादरला बोलीव."

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता. त्यानं प्रसाद परत डबीत ठेवला. झाकण दोनदा चुकीचं बसलं. मग बाहेर येऊन फोन लावला. फादर पूर्णेला मिस्सा आटोपत होते. अर्ध्या तासात त्यांची जीप आली. अंगदनं उंबऱ्यावरच त्यांच्या हाती डबी दिली. ती घेऊन ते आत गेले. तो ओट्यावर उन्हात उभा राहिला.

आतून फादरांचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ तिचं 'आमेन'. असं खणखणीत की समोरच्या घरातली बाई कुणी हाक मारली म्हणून दारात आली. अंगदला फार बरं वाटलं. आणि त्याला बरं वाटलं, याचीच मग त्याला लाज वाटली.