बाईंचं छप्पर

साबणाची फॅक्टरी बंद पडून तीस वर्षं झाली होती. आता ती मॉडेल क्लबच्या टेबलावर पुन्हा उभी राहायची होती, सत्त्याऐंशी पट लहान होऊन. प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते.

क्लबचे सभासद चार दिशांना पांगलेले, म्हणून मीटिंग दर रविवारी सकाळी ऑनलाइन व्हायची. काम वाटून घेतलं होतं. भिंती होत्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींकडे, धुराडं सेक्रेटरीकडे आणि छप्पर बाईंकडे. बाई म्हणजे हस्तकलेच्या निवृत्त शिक्षिका. छप्पर त्यांनी हट्टाने मागून घेतलं होतं. त्यांचे वडील चोवीस वर्षं त्याच छपराखाली बॉयलरवर होते. सेक्रेटरी दातांचा डॉक्टर. सातवीत तो बाईंच्याच वर्गात होता.

करवतीच्या दातांसारखं, अकरा उतारांचं छप्पर. दोनशे चौसष्ट काचा, प्रत्येक नखाएवढी. सात महिने लागले. बाईंकडे प्रिंटर नव्हता, म्हणून नकाशाचे कागद डॉक्टरने छापून पोस्टाने पाठवले होते. कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि रेघेवर कापायचं, अशी त्यांची रीत.

त्या रविवारी जोडणी होती. सगळे तुकडे डॉक्टरच्या घरी पोचले होते आणि त्याने कॅमेरा टेबलावर रोखला होता. बाईंनी धाकट्या बहिणीलाही शेजारी बसवून घेतलं.

"ताई, बाबांचा बॉयलर दिसेल का गं?"

"छपराखालचा कसा दिसेल? बघ गुपचूप."

डॉक्टरने छप्पर भिंतींवर अलगद टेकवलं. एक टोक बसलं. दुसरं भिंतीपर्यंत पोचलंच नाही, आत घसरलं. पावणेदोन सेंटिमीटर कमी पडत होतं.

"होतं बाई, वयोमानाने होतं," घड्याळजी म्हणाले. "मीसुद्धा हल्ली दोन चष्मे लावतो."

"एकावर एक?" कुणीतरी विचारलं. पडद्यावरचे सगळे चौकोन हसले.

बाई उठल्या. उरलेला एक कागद आणि स्टीलची पट्टी घेऊन आल्या. प्रत्येक नकाशाखाली दहा सेंटिमीटरची एक रेघ असते, माप पडताळायला. त्यांनी ती मोजली. नऊ पूर्णांक सात दशांश. पुन्हा मोजली. मग कागद कॅमेऱ्यासमोर धरून बोलू लागल्या.

"बाई, माइक! माइक चालू करा!"

बहिणीने माइक चालू केला. "कागदच लहान छापलेत," बाई म्हणाल्या. "पानात बसवायला प्रिंटरने चित्र आक्रसलंय. मी रेघेवरच कापलं, म्हणून छप्पर तेवढंच लहान झालं."

"पण बाई, काम सुरू करण्याआधी ती रेघ मोजायची असते," घड्याळजी म्हणाले. "आपल्याकडे नवखेसुद्धा मोजतात."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"डॉक्टरांनी."

डॉक्टरला कुणी शिकवलं, हे बाई बोलल्या नाहीत. तीस वर्षं प्रत्येक वर्गाकडून त्यांनी ती रेघ आधी मोजून घेतली होती. या वेळी मात्र पाकिटावर डॉक्टरचं अक्षर पाहिलं आणि थेट कात्री उचलली.

"चूक कुणाची ते राहू द्या," डॉक्टर घाईने म्हणाला. "मी यंत्रावर दुसरं छप्पर करून घेतलंय." त्याने एक राखाडी, प्लॅस्टिकचं छप्पर आणून भिंतींवर ठेवलं. ते बरोब्बर बसलं.

"आणि काचा?" बहिणीने विचारलं.

"रंगवून टाकू."

"हे करायला किती दिवस लागले?" बाईंनी विचारलं.

"दहाबारा."

"म्हणजे माझं पार्सल उघडलंस तेव्हाच तुला कळलं होतं. मग आज सगळ्यांसमोर माझं छप्पर लावून कशाला बघितलंस?"

"आपण नंतर बोलू, बाई." त्याने तिकडून त्यांचा माइक बंद केला.

दुपारी त्याचा फोन आला.

"बाई, कागद माझ्या हातून चुकले, कबूल. पण मीटिंगमध्ये मी तसं म्हटलं तर उद्या माझं कोण ऐकेल? तुमचं वय झालंय, तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. प्रदर्शनातल्या पाटीवर छपरापुढे तुमचंच नाव राहील."

"काढून टाक. ते छप्पर मी केलेलं नाही."

"रागावलात?"

"वर्गात तू कुणाचं काम मोडलंस की शेजारच्या मुलाचं नाव सांगायचास. मला सगळं कळायचं. पण तुझा हात चांगला होता, म्हणून मी कानाडोळा करायचे आणि त्याला बाकावर उभं करायचे. वर्षभर केलं. काय रे नाव त्याचं?"

"नाही आठवत, बाई."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.