नव्वद अंशांची राखण

रुपचंद पाटलाचा उजवा खांदा दोन वर्षं ठणकत होता, आणि त्याला कारण एक लोखंडी चाक होतं. जळगावात फुलचंद शेठच्या सरकी तेलाच्या कारखान्यात तेलाचा काळपट रंग उतरवणारी मोठी केटल होती. तिच्या भोवताली वाफ खेळवायची आणि आतलं तेल नव्वद अंशांवर धरून ठेवायचं. कमी तापलं तर रंग उतरत नाही, जास्त तापलं तर असा पक्का बसतो की गिऱ्हाईक डबा बघूनच नाक मुरडतं. वाफेचा व्हॉल्व्ह फिरवायचं ते चाक शेठ अकरा वर्षं रुपचंदशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती देत नव्हता. कौतुकच म्हणायचं! पण या कौतुकापायी बिचाऱ्याला सलग दोन दिवस रजा मिळाली नव्हती. पोटच्या मुलीच्या लग्नातून तो जेवणावळ उठायच्या आत कामावर परतला होता.

आता त्या मुलीला मुलगी झाली होती. रविवारी मुक्ताईनगरला बारसं होतं.

"यंदा तरी जोडीनी जाऊत," त्याची बायको कमलबाई म्हणाली. "बठ्ठा लोक माले इचारतस, तुना घरवाला कोठे शे?"

"जाऊत," रुपचंद म्हणाला. कारखान्यात व्हॉल्व्ह आपोआप फिरवणारं यंत्र बसलं होतं, म्हणून तो एवढ्या खात्रीने बोलला. बाकीचे कामगार यंत्राच्या त्या पेटीकडे सवतीकडे बघावं तसे बघत. याचा मात्र सगळा जीव तिच्यात अडकला होता. ती नीट चालली की आपण सुटलो.

पण पेटी नीट चालेल तर शपथ. तेलाचं तापमान गोल कागदावर लाल शाईने उमटायचं, ते एकदा एकशे पाचवर चढे, एकदा पंचाहत्तरवर घसरे. तीन घाणे वाया गेले. शेठ वैतागून म्हणाला, "शनिवार दुपारपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर काढून फेका. रुपचंद आहेच."

ते 'आहेच' ऐकल्यापासून रुपचंद येताजाता पेटीकडेच बघत राहिला.

धुळ्याहून यंत्र दुरुस्तीला आलेला हिलाल दोन दिवस पेटीशी झटापट करून मेटाकुटीला आला होता. शनिवारी सकाळी रुपचंद त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"हिलालभाऊ, याले धीर नई शे."

मग त्याने समजावून सांगितलं. वाफेची ऊब तेलापर्यंत पोचायला चार मिनिटं लागतात. आपण चाक पाव फेरा फिरवतो आणि थांबतो. ही पेटी थांबतच नाही. तेल गार दिसलं की व्हॉल्व्ह सताड उघडते, ऊब पोचेपर्यंत उघडाच ठेवते, आणि तेल फार तापलं की घाबरून गच्च बंद करते.

हिलालने कपाळावर हात मारला. पेटीत दोन खुंट्या होत्या. तेल थोडं गार झालं तर व्हॉल्व्ह किती उघडायचा, ते पहिली ठरवायची. तरीही उरलेली कसर किती वेळात भरून काढायची, ते दुसरी. त्याने पहिलीचा जोर निम्म्यावर आणला, दुसरीचा वेळ वाढवला. रुपचंद शेजारी उभा राहून "अजून कमी" म्हणत गेला. अकराच्या सुमाराला लाल रेघ नव्वदवर आली आणि तिथेच राहिली. एक वाजला तरी हलली नाही. रुपचंदला इतका आनंद झाला की त्याने हिलालला मिठीच मारली.

शेठने कागद उलटसुलट करून पाहिला. "वा!"

"शेठ, मग मी दोन दिवस मुक्ताईनगरला जाऊन येतो."

शेठचा चेहरा उतरला. "अरे, नवं यंत्र आहे. तू शेजारी होतास म्हणून वळणावर आलं. उद्या बिघडलं तर मी कुणाकडे बघू? हात लावू नकोस, नुसता समोर बस. आता तर तुला आरामच आहे."

तो हे मनापासून म्हणत होता, हेच वाईट. रुपचंद स्टूल ओढून पेटीसमोर बसला.

अडीचला कमलबाई पिशवी घेऊन फाटकाशी आली. तीनची एसटी होती. रुपचंद कामाच्याच कपड्यांत बाहेर आला, तेव्हा तिला कळायचं ते कळलं.

"आते ते मशीन करस ना बठ्ठं काम?"

"करस."

"मंग तुमीन काय करतस?"

रुपचंदने मान खाली घातली.

"त्यानाकडे देखत बसस," तो म्हणाला.