पाठीवर पांढरा ठिपका

हेडबाईंना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि घरातल्या सगळ्यांना शिस्त लावूनही झाली होती. मग त्यांनी मोर्चा वळवला मधमाश्यांकडे. शिकवायला कोण, तर बागेमागे पेट्या सांभाळणारी माळीणमावशी आणि तिचा भाचा. हा भाचा बाईंचाच जुना विद्यार्थी. चौथीचं अख्खं वर्ष त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता घ्या!

तीन महिने बाई मुकाट्याने शिकल्या. शेवटची परीक्षा एकच होती: राणीमाशी स्वतः शोधायची आणि तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे पुढे ती चटकन सापडते. जमलं तर कोपऱ्यातली पेटी बाईंची, नाहीतर थांबा पुढच्या वर्षापर्यंत. बाईंचा सगळा जीव त्या पेटीत अडकला होता. घरी अंगणात तिच्यासाठी जागासुद्धा झाडून ठेवली होती.

जाळीच्या टोपीआड चष्म्यावर वाफ धरलेली. तरी पेटीतल्या पोळ्याच्या चौथ्या चौकटीवर एक धिप्पाड माशी दिसलीच. बाईंनी ती अलगद चिमटीत धरली, ठिपका दिला आणि परत सोडली. भाच्याने लांबूनच पांढरा ठिपका पाहिला, शाबासकी दिली आणि तो पेटी बांधायला दोरी घेऊन आला.

तेवढ्यात चष्मा निवळला. बाईंनी चौकट पुन्हा पाहिली. ठिपकेवालीचं बूड जाड होतं, डोळे डोकंभर पसरलेले. राणी कसली, हा तर आयतं खाणारा नर! कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. झाकण लावलं की पेटी घरी. उभ्या जन्मात त्यांनी कुणापुढे चूक कबूल केली नव्हती, तीही याच्यापुढे करायची?

"दोरी ठेव खाली," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. मी नर रंगवलाय."

भाच्याने अगदी नम्रपणे विचारलं, बाई, पुन्हा एकदा म्हणता का? बाईंचे कान लाल झाले, डोळेही भरून आले. झाडलेली जागा आता वर्षभर रिकामीच राहणार होती.

मावशीने दोरी उचलून त्याच्या हातात कोंबली.

"बांध पेटी. बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं. तू शिकताना महिनाभर नराला राणीसाहेब म्हणत हिंडत होतास."