वाळत आणि वाळीत

कमल सावंत गावाहून अंधेरीला आल्या त्या मुलाची सेवा करायला. निलेशच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. पोटातून काढलेल्या नळीला दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची पिशवी जोडायची आणि आतलं घाण पाणी बाहेर काढायचं, यावर त्याचं चाललं होतं. सून रुचिरा त्याला आपली किडनी देणार होती. ऑपरेशनला महिना उरला होता. तोवर त्याला जंतुसंसर्ग होता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्या घराला सांभाळायची होती.

रुचिरा ती डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. पिशवीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, स्वच्छ नॅपकिनने पुसायचे आणि एकदा पुसले की तो नॅपकिन धुवायला टाकायचा. रोज सकाळी ती चार पांढरे नॅपकिन उकळायची, खिडकीच्या ग्रिलला बांधलेल्या वेगळ्या दोरीवर कडक उन्हात घालायची आणि वाळले की झाकणाच्या डब्यात ठेवायची. घरातले बाकीचे टॉवेल बाथरूमच्या दारामागे दिवसभर दमट, कुबट लटकलेले. त्यांना निलेशने शिवायचं नाही, आणि त्याच्या नॅपकिनांना दुसऱ्या कोणी शिवायचं नाही.

कमलताईंना ती वेगळी दोरी पहिल्याच दिवशी खुपली.

“काय गो, माझ्या झिलाक वाळीत टाकलंस काय?”

“वाळीत नाही हो आई, वाळत! वाळत घातलेत,” रुचिरा हसली. साखर मागायला आलेली शेजारची पद्मजाही हसली. रुचिराच्या मनात काही नव्हतं बिचारीच्या. पण म्हाताऱ्या माणसाला हसावं, साक्षीदार ठेवून हसू नये.

कमलताईंना त्यांची सासू आठवली. तिला टीबी झाला तेव्हा तिचं ताट, पांघरूण, लुगडं सगळं वेगळं काढलं होतं. परसात तिच्या कपड्यांची दोरीसुद्धा वेगळी. वर्षभर तिला कोणी हात लावला नाही. खोकल्यापेक्षा त्या दोरीनेच तिला मारलं, असं कमलताईंचं ठाम मत होतं. आणि ती दोरी त्यांनीच बांधली होती.

“आई, त्याचं आपल्याला काही लागत नाही. आपलं त्याला लागेल,” रुचिराने दोनदा समजावलं. कमलताईंनी मान डोलावली. पटलं काडीचंही नाही.

मंगळवारी दुपारी रुचिरा ऑफिसात होती. निलेश हात धुऊन डब्याकडे वळला, तोच कमलताईंनी त्याचे ओले हात धरले आणि सकाळपासून खांद्यावर असलेल्या आपल्या टॉवेलने बोटन्‌बोट पुसले.

“आई, परत धुवावे लागतील गं.”

“म्हंजे? आवशीचोय इटाळ झालो तुका?” त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

निलेश नळाकडे निघाला होता, तो थांबला. मग “राहू दे,” म्हणाला. डब्यातला एक कोरा नॅपकिन त्याने चुरगाळून धुण्याच्या बादलीत टाकला, रुचिराला कळू नये म्हणून, आणि पिशवी जोडायला बसला. त्या आठवड्यात असं तीनदा झालं. कमलताईंना किती दिवसांनी गाढ झोप लागली.

शनिवारी पोटातून आलेलं पाणी गढूळ होतं. रात्रीपर्यंत ताप चढला, हॉस्पिटलात न्यावं लागलं. “माझ्याकडून काय राहिलं?” रुचिरा पुन्हा पुन्हा विचारत होती. निलेश म्हणाला, “तुझं काही नाही गं. मीच दारामागच्या टॉवेलला हात पुसले. कंटाळा आला होता.” आईकडे त्याने पाहिलंही नाही. नवव्या दिवशी तो गेला.

तेरावं उरकून पाहुणे गेले. रुचिरा रडत नव्हती, संतापली होती.

“मी पोट फाडून घ्यायला तयार होते, आई. आणि त्याला एक नॅपकिन उचलायचा कंटाळा? खरं सांगा, तो पहिल्यापासून असाच होता का हो?”

खरं कमलताईंच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर ही पोरगी पुन्हा तोंडही बघणार नाही, या भीतीने त्यांनी ते गिळलं. जन्मात कधी आईचा शब्द न मोडलेल्या मुलाबद्दल त्या म्हणाल्या, “होय गो. ल्हानपणापासूनच तसो. कोणाचा म्हणून आयकूचो नाय.”